उपचार अर्ध्यावर सुटू नयेत म्हणून...

परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यावरून रस्ते फुटतात. एक जिंतूरकडे जातो, एक सेलूकडे आणि एक मंठामार्गे जालन्याकडे. एरवी बाजारासाठी, कॉलेजसाठी किंवा लग्नकार्यासाठी या रस्त्यांवरून ये-जा असते. पण घरातल्या आईचा किंवा वडिलांचा बायोप्सीचा अहवाल हातात पडला आणि त्यावर कर्करोग असे निदान असले, की याच रस्त्यांचे गणित बदलते. शासकीय कर्करोग रुग्णालय छत्रपती संभाजीनगरला आहे, म्हणजे येथून सुमारे दीडशे किलोमीटरवर. टाटा मेमोरियल रुग्णालय मुंबईत, रेल्वेने एका रात्रीच्या प्रवासावर. आणि हा प्रवास एकदा करून भागत नाही.

कर्करोगाचे अनेक प्रकार लवकर सापडले आणि उपचार नीट पूर्ण झाले, तर बरे होतात. यातल्या 'लवकर' या शब्दावर पुष्कळ बोलले जाते, 'पूर्ण' या शब्दावर फारसे नाही. शस्त्रक्रिया, किमोथेरपी आणि रेडिएशन हे सगळे मिळून उपचार सहा-आठ महिने चालू शकतात. तेवढ्या काळात पैसे संपतात, पेरणी येते, रुग्ण थकतो आणि म्हणतो, "बास झालं आता, घरी चला." मुलामुलींची खरी सोबत लागते ती इथे. कोणत्या डॉक्टरकडे न्यावे याचा निर्णय आठवडाभरात होतो, पण उपचार शेवटपर्यंत नेण्याची व्यवस्था घराला कित्येक महिने सांभाळावी लागते.

पहिले पंधरा दिवस

निदान झाल्यावर घरात दोन टोकाच्या प्रतिक्रिया दिसतात. काही जण त्याच रात्री गाडी करून मुंबईला निघतात. काही जण 'सुई लागली की तो पसरतो' असे ऐकून महिनाभर झाडपाल्यावर काढतात. दोन्हींत नुकसान आहे. बायोप्सीमुळे कर्करोग पसरतो, हा समज चुकीचा आहे. तुकडा तपासल्याशिवाय कर्करोगाचा प्रकार कळत नाही आणि प्रकार कळल्याशिवाय औषध ठरत नाही. बहुतेक कर्करोगांत आठ-दहा दिवस तपासण्यांत गेले तर काही बिघडत नाही, पण तीन-चार महिने गेले तर टप्पा बदलू शकतो. श्वास घेता न येणे, न थांबणारा रक्तस्राव किंवा पायांतली ताकद अचानक जाणे, ही लक्षणे असतील तर मात्र एक दिवसही थांबू नये.

या दिवसांत घरातल्या एकाने कागदांची जबाबदारी घ्यावी. बायोप्सीच्या अहवालाबरोबरच काचेच्या स्लाइड आणि मेणात जतन केलेला तुकडा प्रयोगशाळेतून मागून घ्यावा. रुग्णालयात त्याला 'ब्लॉक' म्हणतात. मोठ्या रुग्णालयात तो पुन्हा तपासला जातो. तो सोबत नसेल तर एक पूर्ण फेरी वाया जाते. सीटी स्कॅन किंवा एमआरआयचा कागदी अहवाल पुरेसा नसतो; फिल्म किंवा सीडीही लागते. सगळे कागद तारखेनुसार एकाच फाइलमध्ये लावावेत. रक्तदाब, मधुमेह अशा जुन्या आजारांच्या गोळ्यांची यादी त्या फाइलच्या पहिल्या पानावर असावी.

कुठे जायचे?

मराठवाड्यातल्या माणसाला आज पूर्वीइतकी मुंबईची वाट धरावी लागत नाही. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून टाटा मेमोरियलच्या सहकार्याने चालते आणि त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा आहे. लातूरला विवेकानंद रुग्णालय आहे, बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा मेमोरियलमध्ये देशभरातून रुग्ण येतात, त्यामुळे तिथे गर्दी असते आणि तारखा लांबतात.

मोठे नाव म्हणजे चांगला उपचार, असे समीकरण घरोघरी मांडले जाते. पण स्तन, तोंड, गर्भाशयमुख अशा नेहमी आढळणाऱ्या कर्करोगांचे उपचार आता ठरलेल्या मार्गदर्शक सूत्रांप्रमाणे होतात. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या 'नॅशनल कॅन्सर ग्रिड'मध्ये देशातील शेकडो रुग्णालये जोडलेली आहेत, आणि उपचारांची सूत्रे सगळीकडे सारखी असावीत हाच त्यामागचा हेतू आहे. म्हणून डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न असा: सगळे उपचार इथेच होतील का? गुंतागुंतीची शस्त्रक्रिया मुंबईत आणि नंतरची किमोथेरपी संभाजीनगरला, अशी विभागणीही पुष्कळदा करता येते. दुसरा प्रश्न: उपचार आजार बरा करण्यासाठी आहेत, की तो आटोक्यात ठेवण्यासाठी? हा प्रश्न विचारायला जड जातो. पण पुढचे सगळे निर्णय, अगदी शेत गहाण टाकायचे की नाही हासुद्धा, त्याच्या उत्तरावर अवलंबून असतो.

'बाबांना काही सांगू नका'

तपासणी खोलीबाहेर डॉक्टरांना गाठून सांगितले जाणारे हे वाक्य महाराष्ट्रातल्या बहुतेक कर्करोगतज्ज्ञांना पाठ असेल. त्यामागे माया असते. वडील खचतील, जेवण सोडतील, ही भीती खोटी नसते. पण रुग्णाला बहुतेक वेळा अंदाज आलेला असतो. रुग्णालयाच्या दारावरची पाटी, शेजारच्या खाटेवरची माणसे, घरातली कुजबुज त्याला दिसत असते. तो विचारत नाही, कारण पोरांना त्रास नको. पोरे सांगत नाहीत, कारण बापाला त्रास नको. मग दोन्हीकडचे लोक एकाच गोष्टीचे ओझे वेगवेगळे वाहतात.

लपवण्याचा एक व्यावहारिक तोटाही आहे. 'साधी गाठ आहे' असे सांगितलेल्या आईला किमोचे सहा डोस का, केस का गेले, गाठ काढून झाल्यावर पुन्हा रेडिएशन कशाला, हे समजत नाही. कारण न कळलेला त्रास माणूस फार दिवस सोसत नाही. शिवाय शुद्धीवर असलेल्या प्रौढ रुग्णावर शस्त्रक्रिया करायची तर तिची माहिती देऊन त्याचीच संमती घ्यावी लागते.

सांगायचे म्हणजे सगळे एका दमात ओतायचे असे नाही. आधी विचारावे: "बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला सगळं ऐकायचंय, की आम्ही बघून घेऊ?" काही जण म्हणतात, सगळे सांगा. काही म्हणतात, तुम्हीच बघा, मला फक्त तारीख सांगा. दोन्ही उत्तरे मान्य करावीत, कारण तो त्यांचा निर्णय आहे. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र खोटे देऊ नये. 'किती दिवस?' या प्रश्नाला घरच्यांनी आकडा सांगण्यापेक्षा डॉक्टरांसमोर एकत्र बसून तो विचारावा.

उघड बोलण्याने आजाराची दहशत कमी होते, याचे सगळ्यांना माहीत असलेले उदाहरण राज्यातच आहे. शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली. तंबाखूची सवय आणि हा आजार यांबद्दल ते नंतर जाहीरपणे बोलत आले. कर्करोगानंतर माणूस कामाला लागतो, हे गावातल्या वडीलधाऱ्यांना अशा उदाहरणातून लवकर पटते.

एका दिवसाचा खंड का नको?

रेडिएशनला गावाकडे 'शेक' म्हणतात. तोंडाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगात तो साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस आणि पाच ते सात आठवडे घ्यावा लागतो. रोजचा प्रत्यक्ष उपचार काही मिनिटांचा असतो आणि तो दुखत नाही. त्यामुळेच 'दोन दिवस चुकले तर काय होतंय' असे वाटते.

त्यामागचे शास्त्र असे. किरणांमुळे पेशींमधील डीएनएला इजा होते. निरोगी पेशी ही इजा बऱ्याच प्रमाणात दुरुस्त करतात, कर्करोगाच्या पेशींना ते तितके जमत नाही. म्हणून एकूण मात्रा रोज थोडी थोडी देतात, म्हणजे निरोगी भागाला सावरायला वेळ मिळतो. पण मध्ये खंड पडला तर उरलेल्या कर्करोगाच्या पेशी वेगाने वाढू लागतात. तोंड-घसा आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांवरील अभ्यासांतून दिसून आले आहे, की उपचार लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे आजार त्या जागी आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने घटते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरचे आणि आतून दिले जाणारे रेडिएशन मिळून सगळा उपचार आठ आठवड्यांत संपवावा, असे म्हणूनच सांगितले जाते.

किमोचे वेळापत्रक वेगळे असते. दोन डोसांमध्ये बहुधा दोन किंवा तीन आठवडे सोडतात, कारण औषध हाडांतील मगजावरही परिणाम करते आणि रक्तातल्या पेशी भरून यायला तेवढा वेळ लागतो. रक्ततपासणीत पेशी कमी दिसल्या तर डॉक्टरच डोस पुढे ढकलतात. तो खंड हिशेबात धरलेला असतो. पोळा आहे किंवा सोयाबीन काढायचे आहे म्हणून घरच्यांनी परस्पर पाडलेला खंड तसा नसतो.

शेतकरी कुटुंबाला पेरणी सोडता येत नाही, हेही खरे आहे. म्हणून उपचार सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना शेतीची तारीख सांगावी. सुरुवात चार दिवस मागे-पुढे करता येते का, ते तेव्हा विचारता येते. एकदा सुरू झाल्यावर मध्ये थांबता येत नाही.

पाळी लावा

सहा-सात आठवडे परगावी एकाच माणसाने राहायचे ठरवले, तर तिसऱ्या आठवड्यात तोही आजारी पडतो. ते ओझे बहुतेक घरांत सून किंवा अविवाहित मुलगी उचलते आणि तिला कोणी विचारत नाही. त्यामुळे मुलगा, मुलगी, जावई, पुतण्या अशी आठवड्यांची पाळी कागदावर लिहून काढावी. रुग्णालयाशी बोलणारा माणूस मात्र एकच असावा. पाच जणांनी डॉक्टरांना पाच वेळा तेच विचारले की उत्तरे वेगळी वाटू लागतात आणि घरात वाद होतात. जो सोबत राहू शकत नाही त्याने जनावरे, शेत किंवा मुलांची शाळा सांभाळावी. तीही सोबतच आहे.

मुंबईत राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी वर्षानुवर्षे कर्करुग्णांना आसरा दिला आहे. जागा मर्यादित असते, म्हणून रुग्णालयातील समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी चौकशी करावी.

उपचारांच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या एकत्रित योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. रुग्णालय योजनेत आहे का आणि सांगितलेला उपचार यादीत बसतो का, हे दाखल होण्यापूर्वी तेथील आरोग्यमित्राकडून समजून घ्यावे. मंजुरी आधी घ्यावी लागते, त्यामुळे आधी पैसे भरून नंतर परत मागण्याच्या भरवशावर राहू नये. शिधापत्रिका आणि आधार कार्डावरील नावे जुळत नसतील तर ती दुरुस्ती लगेच हाती घ्यावी.

योजना पुरत नाही ती प्रवास, राहणे आणि बुडालेली मजुरी यांना. उपचारासाठी रेल्वेने जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत भाडे पूर्ण माफ आहे आणि सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सवलत मिळते. रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यात प्रमाणपत्र घेऊन ते आरक्षण खिडकीवर दाखवावे लागते. सेलू स्थानक जवळ असलेल्या कुटुंबांना याचा मोठा उपयोग होतो. एसटीत महिलांना आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आहे, ७५ वर्षांपुढील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे.

घरी आल्यावर: थर्मामीटर आणि ताट

किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. या काळात ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आला, तर ती तातडीची वेळ समजावी. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये, कारण गोळीने ताप दबतो आणि जंतुसंसर्ग आत वाढत राहतो. काही तासांत शिरेतून प्रतिजैविके मिळणे गरजेचे असते. संभाजीनगर लांब आहे, म्हणून सेलूचे उपजिल्हा रुग्णालय किंवा परभणीचे शासकीय रुग्णालय यांपैकी रात्री कुठे जायचे हे आधीच ठरवून ठेवावे. घरात थर्मामीटर असावा, गाडीवाल्याचा नंबर भिंतीवर लिहिलेला असावा, आणि कोणते औषध कोणत्या तारखेला दिले तो कागद सोबत न्यावा. 'किमो चालू आहे' हे शब्द दारातच सांगावेत.

खाण्याच्या बाबतीत पथ्यांचा अतिरेक हा दुसरा धोका. दूध बंद, डाळ बंद, गोड बंद असे करत करत रुग्णाचे वजन घटते आणि वजन घटले की पुढचा डोस झेपत नाही. कर्करोगाची गाठ साखरेमुळे वाढते म्हणून जेवणच तोडावे, याला आधार नाही. मधुमेह असेल तर मात्र डॉक्टरांचे पथ्य पाळावे. वरण-भात, ज्वारीची पातळ कण्हेरी, मऊ खिचडी, अंडी, दही, शेंगदाण्याचे कूट घातलेली भाजी, हे घरचेच अन्न थोडे थोडे करून दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. तोंड आले असेल तर तिखट बंद करावे आणि मीठ-सोड्याच्या पाण्याने गुळण्या कराव्यात. तोंडाला रेडिएशन द्यायचे असेल तर दातांची तपासणी आधी करून घ्यावी. झाडपाल्याचे औषध चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगावे, कारण काही औषधे यकृतावर परिणाम करतात आणि किमोत अडथळा आणतात. तंबाखू तर निदानानंतरही सुटली पाहिजे. ती चालू राहिली तर उपचारांचा गुण कमी येतो.

वेदना सहन करायला लावण्यात कसलाही पुरुषार्थ नाही. मॉर्फिनने व्यसन लागते या भीतीने ते नाकारले जाते, पण कर्करोगाच्या तीव्र वेदनेसाठी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिले तर ते सुरक्षित आणि परिणामकारक आहे. वेदना थांबली की झोप येते आणि भूक लागते.

'बास झालं' याचे दोन अर्थ

उपचारांच्या मध्यावर आई म्हणते, "मला नको आता." तेव्हा लगेच समजूत घालण्यापेक्षा विचारावे, नेमके काय नको? कित्येकदा उत्तर साधे असते. उलट्या नकोत, रोजचे परक्या ठिकाणचे राहणे नको, पोराचा खर्च नको. उलट्यांवर चांगली औषधे आहेत. राहण्याची जागा बदलता येते. खर्च योजनेतून होतो आहे हे आईला माहीतच नसते, ते सांगता येते. हा 'बास' थकव्याचा असतो आणि बऱ्याचदा तो दूर होतो.

दुसरा 'बास' वेगळा असतो. आजार पसरलेला आहे, उपचारांनी फार काही हाती लागणार नाही हे समजून-उमजून एखादा रुग्ण घरी राहायचे ठरवतो. तेव्हा त्याला ओढत नेणे ही सोबत नव्हे. अशा वेळी पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारे उपचार, घराजवळ मिळवून देणे हेच मुलांचे काम ठरते. हे उपचार फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसतात, निदानापासूनही घेता येतात. पहिल्या 'बास'ला दुसरा समजून घरी परतणारी कुटुंबे बरा होणारा रुग्ण गमावतात, आणि दुसऱ्याला पहिला समजणारी कुटुंबे त्याचे उरलेले दिवस प्रवासात घालवतात. फरक कळायचा तर निदानापासून खरे बोलणे झालेले असावे लागते.

घरातल्या इतरांचे काय?

आईच्या आजारातून मुलींनी घेण्याची एक गोष्ट मराठवाड्याच्याच मातीत सिद्ध झाली आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक महिलांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचे त्यात दिसले. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांत तिशीपुढील व्यक्तींसाठी तोंडाची, तसेच महिलांसाठी स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी करण्याची तरतूद आहे. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्तस्राव, स्तनात न दुखणारी गाठ किंवा तोंडात तीन आठवडे न भरणारी जखम, यांपैकी काही असेल तर सुगीची वाट पाहू नये.

उपचार संपल्यावर घराला वाटते, सुटलो. पण तोंड-घशाचा कर्करोग उलटला तर तो बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांतच उलटतो, म्हणून त्या काळात दर दोन-तीन महिन्यांनी तपासणीला बोलावतात. रुग्णाला बरे वाटत असते, तिकिटाचे पैसे वाचवावेसे वाटतात आणि 'आता कशाला जायचं' हा प्रश्न येतोच. तो येण्यापूर्वी पुढची तारीख कॅलेंडरवर लिहिलेली असावी आणि तिच्यापुढे सोबत जाणाऱ्याचे नावही.